पालथा रांजण

अहो, एवढ्या उन्हाचे कुठे निघालात? टेका जरा. मी या वस्तीचा रांजण बोलतोय. पोट आहे तसं मनही आहे मला, आणि आज ते भरून आलंय.

जन्म माझा सिन्नरच्या कुंभाराकडचा. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडची चार बिऱ्हाडं इकडे खडी फोडायला आली. वाटेत एका गावाने त्यांना घोटभर पाणीसुद्धा विचारलं नाही. काम संपल्यावर ती या उजाड माळावरच राहिली. घरांना अजून दारं नव्हती, पण त्यांच्यातल्या तानुबाईने मला आणून निंबाखाली बसवलं. म्हणाली, "हितं येणाऱ्याला आधी पाणी. नाव-गाव मागनं."

घरातल्या हंड्याआधी मला भरायचं, ही इथली रीत. तानुबाई माहेरी जाऊन धाकट्या बहिणीला, गोजराला, ऐटीत सांगून आली, "माळावर भरला रांजण दिसला, की समज माझी वस्ती आली." मीही काय कमी फुगलो होतो!

मग सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. वाटसरू तर थांबतच होते. तोंडावर नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी तानुबाईनेच मला पालथा घातला आणि सगळे कामाला गेले.

नेमकी त्याच दुपारी गोजरा आली, तान्ही लेक कडेवर. तिने मला पाहिलं, बंद दारं पाहिली आणि तशीच पुढे चालू लागली. मी काय करणार हो, तोंड मातीत! सडकेवर ती भोवळ येऊन पडली. एसटीवाल्यांनी दवाखान्यात नेली म्हणून वाचली. लेक उन्हाने गेली.

आज वर्षाने गोजरा पुन्हा आलीय. माझ्या काठावरून हात फिरवत म्हणाली, "तवा मी भलत्याच वस्तीवर गेले गं आक्का. तिथला रांजण पालथा व्हता. म्हटलं, ही माझ्या आक्काची वस्ती नव्हं."

तानुबाईने हातातला तांब्या खाली ठेवला. "वाट चुकली असशील," एवढंच बोलली आणि आत गेली. चूल पेटलेली नाही, तरी पदराने डोळे पुसतेय.

तानुबाई, बाहेर ये गं बाई. पालथा मी पडलो होतो, मलाही हे पाणी जड झालंय. तुझ्या तोंडूनच सांग तिला. या माळावर दुसरी वस्तीच नाही, हे तिला आज ना उद्या कळेलच.