टपरीची पायरी

आमच्या घरात नियमाला फार मान. माझे यजमान मृत्युंजय माध्यमिक शाळेत शिक्षक, आणि शाळेच्या तंबाखूमुक्ती समितीचे प्रमुख. हे पद कुणी दिलं नसतं तर त्यांनी ते ओढून घेतलं असतं. कारण घरातच होतं. माझे सासरे गुरुबसप्पा यांनी मार्केट यार्डात आडत दुकानी नोकरी करताना जन्मभर गालात तंबाखू धरली, आणि गेल्या वर्षी त्या गालाचं ऑपरेशन झालं. जबड्याचा तुकडा काढावा लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा तंबाखू लागली तर दुखणं परत येईल, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही.

दवाखान्यातून घरी आल्या आल्या सासऱ्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला आणि शपथ घेतली, "आजपासून टपरीची पायरी चढणार न्हाय." शब्द ओठांतून अर्धे सांडत होते, तरी आम्हाला सगळे कळले. मी पदर तोंडाला लावून रडले.

तेव्हापासून दर सोमवारी पूजा झाली की हे टॉर्च घेऊन वडिलांचं तोंड तपासायचे. अलीकडे मात्र सासरे तोंड उघडेनात. कधी टाके ओढतात, कधी जबडा धरलाय. खाई त्याला खवखवे, असं माझ्या मनात आलं. पण सून पडले, बोलणार किती? यांना म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखवून या, तर माझ्यावरच उखडले. "इष्टलिंगावर हात ठेवलेला माणूस आहे तो. संशय घ्यायचा म्हणजे काय?"

सासऱ्यांना एवढ्यात एक काम आवडायला लागलं होतं. दुपारी कोपऱ्यावर रिक्षा थांबते, तिथून नातीला घरी आणायचं. काव्या चौथीत आहे. ती त्यांना अज्जा म्हणते आणि ते तिला लाडानं अव्वा म्हणतात, म्हणजे आई. दोघं हात धरून यायची. मी गॅलरीतून बघायची आणि मला बरं वाटायचं.

त्याच कोपऱ्याच्या पलीकडे मल्लिनाथची पानटपरी आहे. यांच्या शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारली, तेव्हा या पठ्ठ्यानं टपरी उचलून रेघेच्या पलीकडे हातभर ठेवली. अठराच्या आतल्या मुलांना तंबाखू विकणं गुन्हा आहे, ही पाटी यांनीच रंगवून घेऊन त्याच्या टपरीवर लावली होती. तरी सातवीतल्या एका पोराच्या दप्तरात सुटी सिगारेट सापडली, आणि यांच्या मनानं मल्लिनाथला धरलं.

हे तंबाखूविरोधी सरकारी पथकाकडं गेले, तर तिथले साहेब म्हणाले, नुसत्या संशयावर काही होत नाही. एखादं मूल पाठवा, त्यानं विकत घेतलं की आम्ही तिथंच धरतो.

घरी येऊन यांनी काव्याला पुढ्यात बसवलं. "'काका, एक सिगारेट द्या,' एवढंच म्हणायचं."

माझं डोकंच फिरलं. "दुसऱ्याची लेकरं वाचवायला आपलं लेकरू पुढं करायचं?"

"मग दुसऱ्याचं कुठल्या तोंडानं मागू?" ते म्हणाले. बोलणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

"अहो, तो ओळखेल हिला."

"कसा ओळखेल? ही कधी त्या टपरीकडं फिरकलीय का?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि हे बघ काव्या, अज्जाला सांगायचं नाही. कुणालाच नाही. आपलं गुपित."

डब्यात कुणी काय आणलं होतं तेही घरभर सांगणारी पोर, पण तिनं लगेच मान हलवली.

पोरगी जाणार तर मीही येणार, असं म्हणून मी गेले. शनिवारची सकाळ होती. सासरे घरी पूजेला बसलेले. टपरीशेजारी रसवंती आहे, तिच्या कापडाआड आम्ही दोघं उभे राहिलो. पथकाचे साहेब गिऱ्हाईक होऊन बडीशेप चघळत टपरीपाशीच होते. काव्या गेली. मला धाकधूक होती की पाठ केलेलं वाक्य ती विसरेल.

तिला तोंड उघडायची वेळच आली नाही. तिला बघताच मल्लिनाथनं तंबाखूची पुडी काढली, वर चुन्याची डबी ठेवली आणि तिच्या हातात दिली. "आज अज्जा न्हाय आलं व्हय? बरं हाय न्हवं त्यास्नी?"

काव्या पुडी धरून तशीच उभी राहिली आणि मान वळवून कापडाकडे, तिच्या अप्पांकडे बघायला लागली.

साहेबांनी मल्लिनाथचा हात धरला. तो बावचळला. "काय करालाव साहेब! मी पोरीला कुटं इकलंय? म्हातारा रोज तितं रिक्षाच्या थांब्यापाशी हुबा ऱ्हातो. पायरी चढत न्हाय, शपथ हाय म्हनतो. पोरगी निस्ती नेऊन देती." तेवढ्यात त्याला आम्ही दिसलो. "सर? आवो, तुमचीच पोरगी की ही! मला वाटलं, घरात समद्यास्नी ठाव हाय. शाळंतली पोरं आली तर हाकलून देतो मी, इचारा कुनालाबी."

साहेब खूश होते. केस पक्की झाली म्हणाले. ती पुडी कुणासाठी होती हे लिहायची गरज नाही, मुलीचं वय पुरे. त्यांनी मुलीचं नाव विचारलं तर हे त्या पुडीकडंच बघत राहिले. शेवटी मीच सांगितलं, काव्या मृत्युंजय. पुडी पंचनाम्याला गेली. चुन्याची डबी काव्याच्या मुठीतच राहिली, ती कुणी मागितली नाही.

वाटेत हे तिच्यावर ओरडले. "इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"अज्जा म्हणाला होता, कुणाला सांगायचं नाही. आपलं गुपित." मग खाली बघत म्हणाली, "तुम्हीपण तसंच म्हणालात की, अप्पा."



घरी आलो तर सासरे जेवायला बसले होते, दुधात कडक भाकरी कुस्करून. काव्यानं मूठ उघडून डबी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी डबीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"म्या पायरी चढलो न्हाय," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "देवालासुद्धा फसवलंत, मामा? आणि ते या लेकराच्या हातानं?" त्यांची बोटं दुधात तशीच बुडलेली.

यांनी टॉर्च आणली. "तोंड उघडा, अण्णा." सासऱ्यांनी ओठ घट्ट मिटले. हे विनवत राहिले, चिडले, शेवटी रडकुंडीला आले. म्हातारा ढिम्म हलेना.

तेव्हा काव्यानं यांच्या हातातून टॉर्च घेतली आणि अज्जाला टेकून बसली. "अज्जा, आ कर."

त्यांनी लगेच तोंड उघडलं.

जो गाल शाबूत राहिला होता, त्याच्या आत पांढरा चट्टा होता, कडेनं लाल. पहिल्या खेपेलाही असाच होता. मला सासऱ्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

"हे मी आणलेल्या पुडीनं झालं?" काव्यानं विचारलं.

"नाही, नाही!" आम्ही तिघंही एकदम बोललो. सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मी तिला जवळ ओढलं आणि म्हणाले, "तुझी काही चूक नाही, बाळा. तू तर लहान आहेस."

तिनं टॉर्च बंद केली आणि आमच्याकडे बघितलं.

"मग सगळ्यांनी मलाच का पाठवलं?"