वाघाची शेपूट

शाळेच्या भिंतीवर वाघ यायचा होता आणि त्याची शेपूट चैत्रालीच्या वाट्याला आली होती. डोकं नको, पंजे नकोत, तिला शेपूटच हवी होती, कारण शेपूट हलते. पण मिसनी बजावलं होतं की बुधवारी ज्याचं सगळं सामान असेल तोच रंगवेल, उसनं मागायचं नाही. सामान विसरलं तर शेपूट वर्गातल्या ऋषभला.

हे ऐकून विनायक मनातल्या मनात हिशेब मांडू लागला. नऊ वर्षांच्या या त्याच्या लेकीनं एप्रिलपासून अकरा खोडरबरं, चार बाटल्या आणि पीटीचा एक बूट हरवला होता. एकच. दुसरा अजून दाराशी जोडीदाराची वाट बघत बसलेला.

डॉक्टरांनी एडीएचडी असं नाव सांगितलं होतं. पोर बेफिकीर नाही, रागावून उपयोग नाही. तिच्यासाठी आठवण डोक्याबाहेर मांडून ठेवा, असं नीट समजावलं होतं. विनायक बँकेतला माणूस, बदलीवर बंगाली मुलखात, बालीगंजला आलेला. मांडून ठेवायचं म्हटल्यावर त्यानं तक्ता केला. चौकटी, रंगीत खुणा, वर लॅमिनेशन. चैत्रालीनं तो कौतुकानं मैत्रिणींना दाखवायला नेला आणि तक्ता शाळेचाच झाला. दुसरा तक्ता विनायकनं स्वतः इतका जपून ठेवला की तो अजून सापडायचाय. त्यावर त्याची बायको मृणालनं नुसती कणीक जरा जोरात मळली.

रविवारी सॉल्ट लेकला ओळखीच्या मंगलाकाकूंकडे भोंडला होता. हत्तीभोवती फेर धरून झाला, गाणी संपली, खिरापत ओळखायची वेळ आली. काकू झाकलेला डबा खुळखुळवत होत्या आणि बायका चिवड्यापासून चकलीपर्यंत सगळं सुचवून दमल्या होत्या. चैत्राली डोळे मिटून उभी होती. एका जागी, पायही न हलवता. विनायक बघतच राहिला.

"शंकरपाळे," ती म्हणाली. "आणि आत एक चमचा पण आहे."

चमचा होता. काकू तो सकाळपासून शोधत होत्या.

"ही पोरगी आहे का मांजर गं, मृणाल?" त्यांनी विचारलं.

मृणालच्या डोक्यात मात्र दुसरंच काही खुळखुळायला लागलं होतं. घरी येताच तिनं ब्रशच्या पत्र्याच्या डब्यात मूठभर चणे टाकले आणि रंगांच्या पेटीला जुन्या किल्ल्या बांधल्या. बाटलीला तिचं पाणीच पुरे होतं. मग दप्तर हलवत, भोंडल्याच्याच चालीवर ती गाऊ लागली:

दप्तरबाई, दप्तरबाई, पोटात काय काय गं?
बारा रंग, तीन ब्रश, बाटली त्यांची माय गं.

चैत्रालीनं डोळे मिटून सगळ्यांची हजेरी घेतली. फक्त पुसायचं फडकं गप्प होतं. त्यावर मायलेकींनी मिळून पुढचं कडवं रचलं:

फडकं बसलं रुसून गं,
घुंगरू बांधा कसून गं.

दोन दिवस घर नुसतं छुमछुमत होतं. दुर्गापूजेचा ढाक, म्हणजे तो मोठा ढोल, यंदा इतक्या लवकर कसा, असं खालच्या मजल्यावरचे आजोबा येऊन विचारून गेले.

बुधवारी दारात हजेरी झाली, सगळे हजर. तरी शेअर ऑटोत विनायकला राहवेना. आवाजाचं ठीक आहे, पण डोळ्यांनी एकदा बघितलेलं बरं, म्हणून त्यानं ब्रशचा डबा काढला, ब्रश मोजले, डबा शेजारी सीटवर ठेवला. शाळा आली. दोघं उतरली, ऑटो गेली. फाटकाशी चैत्रालीनं दप्तर हलवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, चणे नाहीत."

विनायकनं कपाळावर हात मारला. "मीच ठेवला गं सीटवर. मी."

मग सुटाबुटातला बँक अधिकारी आणि त्याची छुमछुमती लेक फुटपाथवरून गडियाहाटच्या चौकाकडे पळत निघाली. सिग्नलला सात ऑटो उभ्या, सगळ्या हिरव्या-पिवळ्या, सगळ्या थरथरत्या. विनायक पहिल्याच ऑटोत डोकं घालून मराठीत माफी मागू लागला. चैत्रालीनं त्याचा कोट धरून त्याला गप्प केलं, डोळे मिटले.

"तिसरी," ती म्हणाली.

तिसऱ्या ऑटोत एक जाडजूड बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आतले चणे अर्धे संपले होते. ब्रश तीनही शाबूत.

संध्याकाळी विनायक आणायला गेला तेव्हा शेपूट वाघाच्या अंगाबाहेर पडून, ऋषभनं रंगवलेल्या माशांना वळसा घालून, थेट नळापर्यंत पोचली होती. मिसना तिला थांबवायचा धीर झाला नव्हता.

फाटकाशी चैत्रालीनं सवयीनं दप्तर हलवलं.

"बाबा, बाटली राहिली." आणि तो काही म्हणायच्या आत हसून म्हणाली, "शेपटीच्या टोकाला आहे. मी आणते. तू इथेच थांब, कशाला हात लावू नको."