मागचा डावा इंडिकेटर

भिमाजीच्या मोटारसायकलला कुणी नावं ठेवली की ती त्याला स्वतःला ठेवल्यासारखी झोंबत. मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू पंचवटीच्या बाजारात पोचवणारी गाडी ती. तिच्यात खोट असेलच कशी?

त्या सकाळी मात्र बाजाराकडे डावीकडे वळताना मागून आलेली रिक्षा त्याला घासून गेली. भिमाजी सावरला, फुलांचं गाठोडं रस्त्यावर पडलं.

"बाबा, वळताना इंडिकेटर तरी देत जा," रिक्षावाला म्हणाला आणि निघून गेला. भिमाजीने इंडिकेटर दिला होता. पण हे ऐकून घ्यायला तिथे होतं कोण?

ही बातमी फुलं विकून व्हायच्या आत पुण्याला त्याच्या मुलाला, जीवनला, पोचली. गावाला दुसरं काम काय!

"आबा, गाडी विकून टाका," जीवन फोनवर म्हणाला. "आई होती तेव्हाची गोष्ट वेगळी. आता एकटे नका फिरू."

"बघू," भिमाजी म्हणाला. गाडी गेली तर मळा आणि घर, एवढंच उरणार होतं. घरात गोजराबाई नव्हती, हिवाळ्यातच ती गेली. बाजारात निदान चार माणसं भाव तरी विचारायची.

दुपारी त्याने अंगणात गाडी डबल स्टँडवर चढवली, चावी फिरवली, डावं बटण दाबलं. पुढचा दिवा घाईघाईने टिकटिकू लागला. तो नेहमीच असा घाई करायचा आणि भिमाजी त्याला गाडीची चपळाई समजायचा. मग तो मागे गेला. मागचा दिवा मख्ख होता.

दिवा चालू असताना गाडीच्या मागे जाऊन उभं राहणं त्याला ठाऊकच नव्हतं. मागची बाजू गोजराबाईची. गाठोडं तिने बांधायचं, दोर तिने आवळायचा, याने फक्त हँडल धरायचं. फार मागे एकदा ती म्हणाली होती, "अहो, मागचा लाईट लागत नाय." याने पुढून वाकून बघितलं होतं आणि "लागतोय की. तुला काय कळतं गाडीतलं," म्हणून विषय संपवला होता.

त्याने उजवीकडचा चांगला बल्ब काढून डावीकडे बसवला. उजेड नाही. म्हणजे बल्ब बिचारा निर्दोष. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याने सीट काढली आणि तारेचा माग धरला.

मडगार्डपाशी तार तुटलेली होती, गाठोड्याच्या दोराने घासून. तांबं पार हिरवं पडलं होतं. आणि ती दोन टोकं, वरच्या रबरासकट, हार ओवायच्या पांढऱ्या दोऱ्याने एकमेकांना घट्ट बांधलेली होती. हार तुटला की गोजराबाई अशीच गाठ मारायची.

भिमाजी तिथेच खाली बसला. त्याला तिची इतकी आठवण आली की हातातला स्क्रू ड्रायव्हर ठेवून द्यावा लागला. याला सांगून उपयोग नाही म्हणून तिने तिला येत होतं तसं करून बघितलं होतं. त्यानेही दिवा लागला नाही, तेव्हापासून प्रत्येक डाव्या वळणाला ती मागून हात लांब करायची. तो ओरडायचा, "हात आत घे, लोक हसत्यात." ती "असू द्या" म्हणायची आणि गाडी वळेपर्यंत हात तसाच धरायची.

गाठ कापवेना. नखाने उकलली त्याने. मग तार सोलली, तांबं घासून पीळ दिला, टेप गुंडाळली आणि त्या टेपवर तोच दोरा पुन्हा बांधला. दोन्ही बल्ब जागेवर गेले. दिवा सावकाश, शहाण्यासारखा उघडझाप करू लागला.

"लाईट झाला. गाडी ऱ्हाऊ दे," त्याने जीवनला कळवलं. दोऱ्याचं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी त्याच वळणावर त्याने बटण दाबलं. मागची रिक्षा दिवा बघून हळू झाली.

"हात आत घे," भिमाजी सवयीने बोलून गेला.

गाडी डावीकडे वळली. मागून कुणी "असू द्या" म्हटलं नाही.