टेकाडातली शिदोरी

ब्रॉर्डा मेला. तोही अंथरुणात, लोकरीच्या पांघरुणाखाली, लेकीसुना उशाशी बसलेल्या असताना! ऐकून एबाच्या अंगाची लाहीलाही झाली. तिच्या नवऱ्याला, विगमंडला, याच ब्रॉर्डाने झोपडीसकट जाळलं होतं. कशासाठी, तर टेकाडाखालच्या रानासाठी. अकरा वर्षं झाली त्याला. राख पुरायला तिने वीतभर जागा मागितली, तर मेला खदाखदा हसला होता. "राखेला कसलं आलंय थडगं? घाल की शेतात खत म्हणून!"

एबाने ती राख गाडग्यात भरून चुलीखाली पुरली आणि तोंडाला कुलूप लावलं. गावातली मढी धुऊन-पुसून खड्ड्यात नीट निजवायचं काम तिचंच होतं. आज ना उद्या ब्रॉर्डाही आपल्या हाताखाली येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि आला! त्याचा मुलगा हेडा दारात उभा राहिला. "एबाकाकू, बाबांना टेकाडात ठेवायचंय. अगदी वर."

"त्या जुन्या टेकाडात? अरे, तिथे आधीचे लोक झोपलेत."

"झोपू देत. ज्याचा बाप टेकाडात, त्याचं खालचं रान. मग सात पिढ्या कुणाची बोट दाखवायची छाती नाही."

म्हणजे मेल्यावरही रान गिळायचंच होतं याला. एबाने दात-ओठ खाल्ले, पण मनातल्या मनात. "येते की," ती म्हणाली. "तुझ्या बापासाठी नाही येणार तर कुणासाठी?"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात टेकाड खणलं. पांढऱ्या मातीतून एक तपकिरी कवटी वर आली, तशी खणणाऱ्यांनी फावडी टाकली आणि धूम ठोकली ती थेट पायथ्यापर्यंत. हेडाचा चेहरा मातीहून पांढरा पडला.

"काकू, आता गं?"

"आता काय! दोरांनी बापाला भाला-ढालीसकट खाली सोडा आणि पाठ फिरवून उभे राहा. आधीच्यांनी एकदा तुमचं तोंड पाहिलं की घरापर्यंत येतात."

ही रीत तिने तिथल्या तिथे रचली होती. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस! खांदेकऱ्यांनी घाईघाईने प्रेत खाली सोडलं आणि सगळे धडाधड पाठमोरे झाले.

"त्या गाडग्यात काय गं?" हेडाने मान न वळवता विचारलं.

"शिदोरी. लांब जायचंय ना."

ती खड्ड्यात उतरली. जुनी हाडं हळूच एका कडेला गोळा केली. "सरका जरा, पाहुणा आणलाय," ती पुटपुटली. दुखण्याने ब्रॉर्डा पार वाळला होता. तिने त्याला खांद्याला धरून उलटा केला आणि तोंड मातीत दाबलं. त्या मुलखात चोरांना आणि शपथ मोडणाऱ्यांना असंच पालथं पुरतात. खड्ड्याच्या उशाला, मानाच्या जागी, तिने विगमंडचं गाडगं ठेवलं. त्याच्या बाजूला ब्रॉर्डाचा भाला टेकवला आणि वर ब्रॉर्डाचीच ढाल झाकली.

"राखेला थडगं मिळालं बघ," ती ब्रॉर्डाच्या कानाशी वाकून म्हणाली. "तुझ्याच पोराने खणून दिलं."

पालथं अंग आणि ढाल दिसेनाशी होईपर्यंत तिने स्वतःच्या हातांनी माती लोटली आणि मगच बाकीच्यांना हाक मारली.

पुढच्या वर्षी जव घरात आले. रीतीप्रमाणे नव्या जवाच्या दारूचं शिंग घेऊन हेडा टेकाडावर चढला. मागे सगळा गाव. तो गुडघ्यांवर बसला, डोळे पुसले. "बाबा, तुमच्या रानातली आहे. घ्या," म्हणत तो थडग्याच्या मधोमध दारू ओतायला लागला.

"अरे अरे, मधे काय ओततोस?" एबा गर्दीतून पुढे आली. "पोटाने पितात का माणसं? उशाला ओत, उशाला!"

हेडा उशाकडे सरकला. उशाशी अख्खं शिंग रिकामं केलं आणि तिथेच मातीवर कपाळ टेकलं. एबाने डोळे भरून पाहिलं. विगमंडला नव्या जवाची दारू फार आवडायची.

"हात आखडू नकोस रे," ती म्हणाली. "आणखी एक शिंग आण."