येळवशीचं मडकं

गुलबर्ग्याच्या ग्रामसेविका वर्गातल्या मुलींना सुट्टीला सोडताना हेमावतीबाईंनी एक काम लावून दिलं. तीन महिने परक्या गावात राहून जे शिकलात, त्यातलं एक तरी आपल्या घरात करून या. निलम्मा गालातल्या गालात हसली. परक्या गावात तिनं भांडणाऱ्या बायकांना एकत्र आणून विहिरीच्या पायऱ्या दुरुस्त करून घेतल्या होत्या. घर म्हणजे तर डाव्या हातचा मळ!

आपल्या गावी, खजुरीत आली तर चार दिवसांवर येळवस. त्या अमावस्येला सगळं घर शेतात जेवतं, आणि आंबिलीचं भरलं मडकं घरची सून डोक्यावरून नेते. निलम्माची वहिनी यल्लम्मा आठव्या महिन्यात होती आणि शेत दीड कोस लांब.

निलम्मानं त्याच संध्याकाळी सगळ्यांना बसवून भाषण ठोकलं. मडकं गाडीतून जाईल, ठरलं!

"ह्यो तुझा वर्ग न्हाई," वडील शंकरप्पा म्हणाले. "गाडीतली आंबील देवाला चालत न्हाई."

"कामून वाद घालायलाव अक्का? मी नेते की," यल्लम्माही म्हणाली. निलम्माची चांगलीच जिरली.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर, सिद्धव्वाबरोबर, गोवऱ्या थापताना तिला आठवलं. त्या गावात पहिले आठ दिवस तिनं फक्त विचारलं होतं, कोण कुठं घसरलं. पुढं सगळ्यांसमोर बोलली ती त्या पायऱ्यांवरून पडून हात मोडलेली बाई. घरी मात्र आल्या आल्या हुकूम सोडला. तिला स्वतःचाच राग आला.

"अव्वा, तुझ्या टायमाला मडकं कुणी नेलतं?"

"मीच की." सिद्धव्वाचा हात थांबला. "सातवा व्हता. वढ्यात पाय घसरला. तुझ्या आधीचं लेकरू पोटातच गेलं."

"अप्पाला ठावं हाय?"

"लेकरू गेलं ते ठावं हाय. कसं गेलं ते कुणी इचारलंच न्हाई."

"आता तू सांग, अव्वा. मी सांगून उपेग न्हाई."

येळवशीच्या सकाळी यल्लम्मानं डोक्यावर चुंबळ ठेवली, तशी सिद्धव्वानं सगळ्यांदेखत ते दोन वाक्यांत सांगितलं. निलम्मानं मध्ये तोंड घातलं नाही. तिला ते फार जड गेलं.

शंकरप्पांनी सुनेच्या डोक्यावरची चुंबळ काढून आपल्या पटक्यावर ठेवली. "उचलून दे," ते बायकोला म्हणाले.

ओढ्याशी ते थांबले. "हितंच का?"

"व्हय," सिद्धव्वा म्हणाली, आणि बावीस वर्षांचं रडू तिथंच पदरात रडून घेतलं.