सतरावा रकाना

आमच्या जीवशास्त्र विभागातली मुलं मला चाळणी म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण जिन्यात बोललेलं सगळं माझ्या खोलीत ऐकू येतं. मला राग येत नाही. चोवीस वर्षं मी पदवीचे तक्ते तपासते आहे. एका विद्यार्थ्याचा एक तक्ता, त्यात बावीस रकाने: पेशी, आनुवंशिकता, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्राची दोन सत्रं, एक क्षेत्रभेट, असं करत करत. विषय सुटला असेल तर रकान्यात खूण करायची. बावीस खुणा झाल्या की पदवी. एकवीस झाल्या तर कोणी कितीही गळा काढला तरी नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? तरी दर वर्षी चार-पाच महाभाग शेवटच्या आठवड्यात खिडकीशी उगवतात आणि विचारतात, "हे पण घ्यायचं होतं का?"

त्या दिवशी त्रेसष्ट तक्ते होते आणि चार वाजता यादी विभागप्रमुखांच्या टेबलावर जायला हवी होती. एक वाजेपर्यंत बासष्ट झाले. राहिला बारकीचा.

बारकी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटत नाही. नातेवाइकाचा तक्ता दुसऱ्याकडे तपासायला द्यावा असा आमच्याकडे दंडक आहे. मी दिला नाही. उलट मुद्दाम शेवटी ठेवला होता, जेवण झाल्यावर गोड खावं तसा. एक तारखेला ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू होणार होती. पदवी मिळाल्याचा कागद दाखवायचा आणि कामाला लागायचं, एवढंच उरलं होतं. ताईच्या दुखण्यानंतर त्या घरात कुणीतरी पहिल्यांदाच मोकळेपणी हसत होतं.

मी पेन्सिल घेतली. पंधरावा रकाना, खूण. सोळावा, खूण. सतरावा: जैवसांख्यिकी, प्रात्यक्षिकासह. रिकामा.

आधी मला हसूच आलं. म्हटलं, कुणीतरी चुकीचा छापील तक्ता लावलाय. अभ्यासक्रमाच्या जुन्या निळ्या पुस्तिकेत सांख्यिकी ऐच्छिक होती, नव्या पिवळ्या पुस्तिकेत ती सक्तीची झाली. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षीची पुस्तिका लागू, हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणू शकते. आणि बारकीचा प्रवेश निळ्या पुस्तिकेच्या वर्षातला.

मग मी फाईलचं पान उलटलं आणि तिथे तिचा पुनर्प्रवेशाचा अर्ज होता.

ताई आजारी पडली तेव्हा बारकीने वर्षभरासाठी नाव काढलं होतं. नाव काढून परत आलेल्याला परत आल्याच्या वर्षीची पुस्तिका लागू होते. म्हणजे पिवळी. अर्जावर शिक्का होता, शिक्क्याखाली सही होती, आणि सही माझी होती. मी खुर्चीचा हात धरला.

कारण ती मला विचारायला आली होती. परत आल्यावर, पहिल्याच आठवड्यात. माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती, मांडीवर विषयांची यादी.

"मावशी, सांख्यिकी घेऊ की पक्षिशास्त्र?"

"पक्षी घे," मी म्हटलं होतं. "आकडे बघून तुला घाम फुटतो. आणि तुला ते लागतही नाही."

"नक्की ना?"

"अगं, कुणाला विचारतेयस तू?"

"तू म्हणतेस तर झालं मग," ती म्हणाली आणि यादी घडी करून ठेवून दिली.

विद्यार्थ्यांना विषय निवडण्याचा सल्ला प्राध्यापकांनी द्यावा, लिपिकाने देऊ नये, असंही आमच्याकडे लिहिलेलं आहे. पण प्राध्यापकांना पुस्तिका कुठे पाठ असते! मला पाठ आहे, म्हणून मी देते. वर्षानुवर्षं देत आले आणि माझा शब्द कधी खाली पडला नाही, याचा मला केवढा तोरा होता.

सव्वा वाजला. एका विषयाऐवजी दुसरा धरायची सवलत पूर्वी होती. तिचा गैरफायदा घेतात म्हणून ती काढून टाका, अशी टिपणी तीन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती, आणि ती मान्य झाली होती. आता दुसरा मार्ग नव्हता. म्हणजे, एक होता. पुनर्प्रवेशाचा तो एक कागद. दोन टाचण्या काढल्या की सुटला असता. त्याच्याशिवाय फाईल निळ्या पुस्तिकेची दिसली असती आणि सतराव्या रकान्याचं नावही कुणी काढलं नसतं. जे खरं ते सांगते, एक टाचणी मी काढली.

तेवढ्यात मला ती बाळंतीण आठवली. दोन वर्षांपूर्वीची. तिचंही असंच एक वर्ष गेलं होतं, तिचाही हाच रकाना रिकामा होता. खांद्यावर बाळ घेऊन ती खिडकीशी तासभर उभी होती, आणि मी तिला म्हटलं होतं, "बाई, नियम माझ्या घरचा नाही." उन्हाळी वर्गाला ती बाळ घेऊन यायची. मी टाचणी परत लावली, बोटाला टोचून घेतली आणि बारकीला फोन केला.

दोनच्या सुमाराला ती आली. मी दार लावलं. तक्ता तिच्यासमोर ठेवला, सतराव्या रकान्यावर बोट ठेवलं. तिने तक्त्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"मला माहीत आहे, मावशी."

"काय माहीत आहे?"

"सांख्यिकी लागते ते. मागच्या सत्रात कळलं. बाहेर फलकावर पिवळी पुस्तिका लावलीय, त्यात वाचलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? तेव्हा घेता आला असता ना विषय!"

"बोलणार होते. पण तुला किती लागलं असतं. तूच सांगितलं होतंस ना, घेऊ नको म्हणून." ती म्हणाली. "आणि म्हटलं, तक्ता तर तुझ्याकडेच येणार. तू बघून घेशील."

तू बघून घेशील. सहा महिने ही पोरगी हे मनात धरून माझ्याकडे जेवायला येत होती, हसत होती, नव्या नोकरीसाठी बूट कुठले घेऊ विचारत होती. मला इतका संताप आला की कानशिलं तापली. आणि संतापाखाली लाज होती, कारण एक टाचणी निघाली होती हे मला ठाऊक होतं.

"चोवीस वर्षांत मी एक खोटी खूण केलेली नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. पण मी काय परकी आहे? एक खूण, मावशी. उन्हाळी वर्ग सहा आठवड्यांचा आहे. ते लोक एक तारखेपुढे थांबणार नाहीत, त्यांनी लेखी कळवलंय."

"मी नाही करू शकत."

"चुकू शकतेस, पण सुधारू शकत नाहीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. ती दार उघडून निघून गेली आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

चार वाजता मी यादी घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. बासष्ट नावं, आणि खाली वेगळं एक: एक विषय अपूर्ण. त्यांनी चष्मा वर केला.

"ही तुमची भाची ना? हिचं कसं राहिलं?"

हीच ती वेळ होती. सर, मी सांगितलं होतं तिला घेऊ नको म्हणून, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते विचारणार, आणखी कुणाकुणाला सांगितलंत? मग माझ्या सल्ल्यावर चाललेल्या सगळ्यांच्या फायली उघडणार.

"राहिलं, सर," मी म्हटलं.

"वाईट झालं. पण घरचं माणूस असून तुम्ही झाकलं नाहीत. हे तुम्हीच करू जाणे."

"कर्तव्यच आहे, सर," असं मी म्हटलं. खरंच म्हटलं. घरी गेल्यावर मला स्वतःची एवढी किळस आली की जेवण गेलं नाही.

सकाळी ताईचा फोन आला. बारकीने संध्याकाळीच कळवलं होतं आणि प्रयोगशाळेने जागा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली होती. "असू दे गं, तू तरी काय करणार," ताई म्हणाली. म्हणजे बारकीने तिला माझ्या सल्ल्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. मीही काही बोलले नाही.

दहा वाजता उन्हाळी वर्गाची खिडकी उघडली. रांगेत बारकी तिसरी होती. तिची पाळी आली तेव्हा तिने अर्ज आत सरकवला. अक्षर नेहमीचं, गोलसर. नाव, विषय, सत्र, सगळं भरलेलं. विषय आधी न घेतल्याचं कारण, ती ओळ कोरी होती.

"ही ओळ राहिली," मी म्हटलं.

"तुम्ही भरा," ती म्हणाली. "कारण तुम्हाला माहीत आहे."

जन्मल्यापासून या मुलीने मला अहोजाहो केलेलं नव्हतं. मी वर पाहिलं. ती माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होती. तिच्या मागे सहा-सात जणं चुळबुळ करत होती.

मी पेन उचललं आणि लिहिलं: विभागातील लिपिकाने चुकीचा सल्ला दिला. खाली पूर्ण नाव घातलं, सही केली, शिक्का मारला आणि अर्ज विभागप्रमुखांकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. शिक्का तिरका उमटला.

बारकीने ते उलटं वाचलं.

"वर्ग सोमवारपासून," मी म्हटलं. "साडेआठ वाजता, खोली बारा."

"थँक्यू," ती म्हणाली, खिडकीवर सगळेच म्हणतात तसं, आणि पुढच्याला जागा दिली.