माझ्यात एक 'झ' आहे

मी एक पासवर्ड बोलतोय. नाव विचारू नका. आमच्यात नाव सांगितलं की आयुष्य संपतं. इतकंच सांगतो, की मी एक शब्द नाही, अख्खं वाक्य आहे. मराठी आहे, पण इंग्रजी अक्षरांत लिहिला जातो. आणि माझ्यात एक 'झ' आहे.

माझा जन्म झाला तेव्हा माझा मालक कॉलेजात होता. सुट्टीच्या एका दुपारी त्याने आपल्या कॉम्प्युटरवरची विकतची सिस्टिम पुसली आणि फुकटची घातली. संध्याकाळपर्यंत वडिलांचा प्रिंटर बंद पडला.

"फुकटचं ते फुकटचंच," वडील म्हणाले.

"फुकट म्हणून नाही घेतली, बाबा. उघडी म्हणून घेतली. आत काय चाललंय ते कुणालाही बघता येतं."

"आणि त्यावर हा एवढा मोठा पासवर्ड लावून बसलास? उघडं हवंय, की बंद हवंय? एक काय ते ठरव."

"सॉफ्टवेअर उघडं असावं आणि माणसाला दार लावता यावं. सध्या सगळं उलटं चाललंय."

वडिलांनी हात झटकला. "ज्याला काही लपवायचं नाही, त्याला कुलूप कशाला लागतं?"

"तुमच्या कपाटाला दोन-दोन किल्ल्या आहेत," पलीकडून त्याची धाकटी बहीण म्हणाली. "आत काय, तर बनियनी."

या बहिणीचं खेळातलं टोपणनाव ठिणगी. त्याचं घुबड. घरात त्यांना कुणी या नावांनी हाक मारत नसे, पण मला तीच ठाऊक आहेत, कारण मी खेळातूनच आलो. दोघं लहानपणापासून एक जुना जंगलातला खेळ खेळत, कुणा मित्राने चालवलेल्या सर्व्हरवर. तिथे फोन नंबर लागत नाही, ईमेल लागत नाही, पैसे भरून तलवार विकत घेता येत नाही. "पैशाने जिंकायचं असेल तर खेळायचं कशाला, बाजारात जा," असं घुबडाचं मत. ठिणगी लांडग्यांच्या तावडीत सापडली की तो तिला चॅटमध्ये नेहमी एकच वाक्य लिहायचा. ते वाक्य म्हणजे मी.

"पासवर्ड म्हणजे शब्द नको, वाक्य हवं," तो तिला म्हणाला होता. "मोठं, आपलं, आणि कुणाच्या वाढदिवसाशी संबंध नसलेलं. माझं तर तुला पाठच आहे."

मी कॉम्प्युटरात जसाच्या तसा ठेवलेला नसतो. माझं पीठ करून ठेवतात. कुणी काही टाइप केलं की त्याचंही पीठ दळायचं आणि दोन्ही पिठं ताडून बघायची. पिठावरून दाणे कुणाला जुळवता येत नाहीत. अख्खा असा मी फक्त त्याच्या बोटांत होतो.

घुबड कॉलेज संपवून घरीच बसला, तेव्हा वडिलांनी काळजीपोटी त्याच्या फोनमध्ये एक अॅप टाकलं. तो कुठे आहे, कुणाला काय लिहितो, सगळं वडिलांच्या फोनवर येऊ लागलं. त्याला ते जेवणाच्या टेबलावर कळलं. काका आले होते. वडिलांनी चष्मा लावला आणि त्याने मित्राला लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं.

"'घरी आलो की दाढ दुखते. बाहेर पडलो की थांबते.' हे काय रे?"

काका हसले. "अरे, मग डॉक्टरला दाखव ना!"

"उद्याचीच वेळ घेतो," वडील म्हणाले. आणि खरोखरच घेतली.

तो मुकाट्याने गेला. डॉक्टरांना एक कीड सापडली. शोधलं की कुठे ना कुठे सापडतेच. परत आला तेव्हा इंजेक्शनने त्याचा गाल बधिर झाला होता. त्याने मला टाइप केलं. एरवी बोटं मला धावत म्हणायची. त्या दिवशी तीही बधिर होती.

आठवड्याभरात तो गेला. फोन टेबलावर ठेवला, अॅपसकट. दारात आईला म्हणाला, "मी बरा असेन. शोधू नका."

मग मी नुसता पडून राहिलो. काळा पडदा, त्यात एक रिकामी चौकट. वडील रोज समोर बसत. त्याचा वाढदिवस टाकून बघितला, आईचं नाव, स्वतःचं नाव, गाडीचा नंबर. दर वेळी पीठ दळलं जायचं आणि दर वेळी मी नाही म्हणायचो. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर राग यायचाही बंद झाला. दाबून बधिर झालेल्या पायाला कुणी टोचावं, आणि पाय कुणा दुसऱ्याचाच वाटावा, तसं.

शेवटी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं.

"साहेब, हे उघडणार नाही," तो म्हणाला. "अख्खी डिस्कच कुलूपबंद आहे. पुसून नवीन टाकून देतो, मशीन चांगलं आहे."

"रविवारी ये," वडील म्हणाले. "तोवर उघडलं तर ठीक. नाही तर पुसून आत्याच्या मुलाला देऊन टाकू."

दुरुस्तीवाला गेल्यावर आई ठिणगीच्या खोलीत आली. "पासवर्ड तुला माहितीये ना गं?"

ठिणगीने उठून दार लोटलं.

"तो कुठे आहे, एवढंच बघ. बाकी काही वाचू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना ठिणगी माझ्यासमोर बसली. वाक्य तिला येतच होतं. अडला तो 'झ'. मराठीची हीच गंमत. बोलायला मी एकच, इंग्रजीत लिहायला बसलात की माझे वीस चेहरे. तिने तिच्या सवयीप्रमाणे 'झेड'ला 'एच' जोडला. चूक. 'जे'ला 'एच' लावून बघितला. चूक. 'आ'साठी दोन 'ए' टाकले, एक टाकला. मग ती थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "आळशी माणूस आहे तो."

खरंच होतं. चॅटमध्ये लांडगे अंगावर येत असताना 'एच' टाकायला कुणाला सवड असते? त्याने आयुष्यभर 'झ'ला नुसता 'झेड' लिहिला, आणि 'आ'ला एकच 'ए'. ठिणगी त्यावरून त्याची टिंगल करायची. आता तिने त्याच्यासारखं लिहिलं. एकेक अक्षर. शेवटपर्यंत. सगळं बरोबर होतं. फक्त एंटर दाबायचं राहिलं.

तिचं बोट एंटरवर होतं. मी उघडायला तयार होतो. बरं वाटावं, वाईट वाटावं, काहीच वाटत नव्हतं.

"बाबांसारखा चष्मा तेवढा लावायचा राहिलाय," ती पुटपुटली. मग तिने मला शेवटून खोडायला सुरुवात केली. एकेक अक्षर.

त्याच संध्याकाळी तिने स्वतःच्या लॅपटॉपवर तो जुना खेळ पुन्हा घातला. कित्येक वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. जंगल होतं तसंच होतं, फक्त माणसं नव्हती. ती एका जुन्या झोपडीशी उभी राहिली आणि चॅटमध्ये लिहिलं, 'घुबड?'

कुणी नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. शनिवारी लांडगे आले. तिचा सराव सुटला होता, तलवार चालेना. दोन लांडगे समोर, एक मागे. आणि पडद्याच्या कोपऱ्यात मी उमटलो. अख्खा. त्याच्या आळशी स्पेलिंगसकट.

मी कुठल्या तरी दुसऱ्या खोलीतून, दुसऱ्या कीबोर्डवरून आलो होतो. तिथे मी कुलूप नव्हतो. नुसतं वाक्य होतो.

लांडगे पांगल्यावर दोघं झोपडीशी बसले.

'कुठेयस ते विचारत नाही,' तिने लिहिलं. 'जेवतोस का?'

'जेवतो. काम मिळालंय. तू अजून भिकार खेळतेस.'

'उद्या तुझा कॉम्प्युटर पुसणार आहेत. त्यातलं काही हवंय? उघडून पाठवू?'

मग आलं, 'तू अजून उघडला नाहीस? वाक्य तर पाठ आहे तुला.'

'म्हणून तर विचारतेय.'

'हवं ते आणलंय मी. पुसू दे.'

जेवताना तिने तो खेळात भेटल्याचं घरी सांगितलं. आईने घास खाली ठेवला.

"पत्ता?" वडील म्हणाले.

"विचारला नाही."

"विचारला नाही म्हणजे? एवढा भेटला आणि पत्ता विचारला नाहीस? अक्कल गहाण टाकलीस?"

"त्याला सांगायचा असता तर त्याने सांगितला असता, बाबा. तुम्हाला एवढं साधं कसं कळत नाही?"

आई म्हणाली, "हळू बोल." वडील ताटातली भाजी इकडची तिकडे करत राहिले. हात धुऊन आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "परत भेटला तर विचार त्याला. दाढ दुखते का अजून."

ठिणगीने त्यांच्याकडे बघितलं. टिंगल नव्हती. चष्माही नव्हता.

रविवारी सकाळी तिने लिहिलं, 'बाबा विचारतायत, दाढ दुखते का अजून.'

'बाबांनी विचारलं?'

'हो.'

तो टाइप करायचा, खोडायचा, पुन्हा टाइप करायचा. शेवटी दोनच शब्द आले, 'कमी आहे.'

ते तिने वडिलांना सांगितलं. "बरं," वडील म्हणाले आणि दार उघडायला गेले. दुरुस्तीवाला आला होता. माझं पीठ पुसायला त्याला चहा संपवण्याइतकाही वेळ लागला नाही. मला दुखलं नाही.

घुबडाचा नियमच होता, पासवर्ड एकदा दुसऱ्याच्या बोटांखालून गेला की बदलायचा. त्याच्या नव्या कॉम्प्युटरवर आता दुसरं कुठलं तरी वाक्य असेल. माझ्याने आता काही उघडत नाही आणि काही बंदही होत नाही. तुम्हाला कधी कुणाचं बंद दार दिसलं, तर किल्ली शोधण्याआधी एकदा हाक मारून बघा. एवढंच सांगायचं होतं.

आणि आता नाव सांगायलाही हरकत नाही. 'झाडामागे लप, मी येतोय.'

कधी, ते माझ्यात लिहिलेलं नाही.